परत न आलेली घरे : नागपुरातील एका मराठी मंडळीचे महामारीनंतरचे प्रकरण

७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे दुसऱ्यांदा उघडली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी, १० ऑक्टोबरला, नागपुरातील एका मराठी प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासक समुदायात, उपासनेची घंटा वाजली तेव्हा निम्मी बाके रिकामी होती. त्या दिवशी हे कोणाला फारसे खटकले नाही, कारण लोक अजून धास्तावलेले होते आणि अनेकांचा लसीचा दुसरा डोस व्हायचा होता. परंतु नाताळ आला आणि गेला, तरी काही ठरावीक घरांच्या जागा रिकाम्याच राहिल्या. तेव्हा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीने एका बैठकीत कारण निश्चित केले : लोकांना घरबसल्या मोबाइलवर उपासना पाहण्याची सवय लागली आहे. उपायही त्याच बैठकीत ठरला : उपासनेचे रेकॉर्डिंग बंद करावे. प्रस्तुत प्रकरणात या निदानाची छाननी केली आहे. माझ्या मते ते निदान चुकले होते, आणि ते कोठे चुकले याचा माग काढताना महामारीने मंडळीच्या आत्मिक जीवनावर नेमका घाव कोठे घातला हे दिसू लागते. मंडळीचे आणि व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही.

मंडळी आणि तिचा वारसा

ही मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे नागपुरातच जन्माला आलेल्या चर्चची आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदर भागातील ऑल सेंट्स कॅथीड्रल येथे सहा निरनिराळ्या चर्चपरंपरा एक झाल्या, आणि अँग्लिकन पद्धतीत वाढलेली घरे व स्कॉटिश मिशनच्या प्रेस्बिटेरियन पद्धतीत वाढलेली घरे एकाच चर्चची सभासद झाली. यातील दुसरा वारसा १८४५ मध्ये नागपुरात आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांच्यापर्यंत मागे जातो. शहरातले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. पन्नास वर्षे एकत्र उपासना करूनही या दोन पद्धतींच्या खुणा जुन्या घरांतून पुसल्या गेलेल्या नाहीत. कोणी प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर व द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीला, गुडघे टेकतो, कोणी जागेवर बसून राहतो, आणि एरवी त्याची चर्चाही होत नाही. महामारीत मात्र ती झाली.

सभासद कामठी रोडच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांत, मोहननगर, मेकोसाबाग, जरीपटका अशा भागांत विखुरलेले आहेत. मिशन शाळांतून निवृत्त झालेले शिक्षक, रेल्वेतले कर्मचारी, बँकेत किंवा खासगी कंपनीत नोकरी करणारी मधली पिढी, आणि पुणे-बंगळुरूला गेलेली मुले हा येथील नेहमीचा गोतावळा. परिचारिकांची संख्या मोठी आहे, ही बाब पुढच्या घडामोडींत महत्त्वाची ठरली. रविवारची उपासना, बुधवारची घरप्रार्थना, महिला संघाची सभा, तरुण संघ, रविवारची शाळा असा आठवडा चाले. यांपैकी घरप्रार्थना म्हणजे दर आठवड्याला एका घरी दहा-पंधरा माणसांनी जमणे, गीत गाणे, शास्त्रवाचन करणे, आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना करणे आणि शेवटी चहा. मंडळीच्या अहवालात तिला कधी दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळाली नव्हती.

२०२० : आवाज पोचला, माणसे नाहीत

नागपुरातला पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. २२ मार्चचा जनता कर्फ्यू रविवारीच आला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. उपासकांच्या वर्षातला सर्वांत भरगच्च आठवडा त्यानंतर लगेच येणार होता. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार (पाम संडे) होता. मुलांनी फाटकाशी उभे राहून अंगणातल्या अशोकाच्या नाहीतर शेवग्याच्या फांद्या हलवल्या. त्याच रात्री नऊ वाजता देशभर दिवे लावण्याचे आवाहन होते, तेव्हा काही घरांनी मेणबत्त्या घेऊन गॅलरीतून होसान्नाचे गीत म्हटले. एरवी उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) दुपारी बारा ते तीन, नागपूरच्या एप्रिलमधल्या उन्हात, कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्या वर्षी १० एप्रिलला सातही जणांनी आपापल्या घरी मोबाइलवर बोलून ध्वनिफिती पाठवल्या. आदल्या रात्री झूमवर उपासना घेण्याचा प्रयत्न झाला होता, पण विनामूल्य सभेची चाळीस मिनिटांची मर्यादा कोणाच्या लक्षात नव्हती आणि पाळकांचे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचे, आशीर्वचन अर्ध्यावर तुटले.

यूट्यूबवर मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करायचे तर त्या काळी चॅनेलला किमान १,००० सबस्क्रायबर लागत, आणि एवढे या मंडळीला कोठून मिळणार? म्हणून पाळकांनी शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये उपासना रेकॉर्ड करायची, तरुण संघातल्या एकाने ती रात्री चॅनेलवर चढवायची आणि रविवारी सकाळी दुवा सर्वांना पाठवायचा, अशी रीत पडली. या व्यवस्थेला कमी लेखू नये. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या सभासदांनी कित्येक वर्षांनी प्रथमच उपासना सबंध ऐकली, आणि दुबईतला मुलगा व नागपुरातली आई एकाच प्रवचनावर फोनवर बोलू लागली. वचन ऐकणे चालू राहिले. ज्या गोष्टी ऐकण्याने होत नाहीत, त्यांचे काय करायचे हा प्रश्न मात्र दर आठवड्याला अधिक टोचू लागला.

त्याचे एक उत्तर महिला संघाकडून आले, आणि ते कोणी कागदावर आखलेले नव्हते. बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच होता आणि तो मुलांच्या ऑनलाइन शाळेत गुंतलेला होता. वृद्ध बायकांकडे साधे बटणाचे फोन होते. व्हॉट्सॲपवरच्या समूह कॉलमध्ये तेव्हा फक्त चार जण मावत. एप्रिलच्या अखेरीस ती मर्यादा आठ झाली. म्हणून बुधवारची घरप्रार्थना चार-चार, पाच-पाच जणींच्या गटांत वाटली गेली आणि साध्या कॉन्फरन्स कॉलवर चालू लागली. एक जण शास्त्रभाग वाचे, दुसरी प्रार्थना करी, आणि फोन ठेवण्यापूर्वी प्रत्येकीने आपल्या गल्लीतल्या दोन-तीन मंडळीच्या घरांची खबर द्यायची. कोणाचा रक्तदाबाचा गोळ्यांचा पत्ता संपला, कोणाचा पगार थांबला, कोणाची सून मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, कोविड वॉर्डात ड्यूटीवर आहे आणि आठ दिवस घरी आलेली नाही, हे सर्व संघाच्या सचिवबाईंनी एका दोनशे पानी वहीत घरवार लिहून ठेवायला सुरुवात केली. ही वही या प्रकरणाचा मुख्य पुरावा आहे.

प्रभुभोजनाचा प्रश्न

मंडळीत प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी होई. १ मार्च २०२० नंतर ते एप्रिलमध्ये झाले नाही, तेव्हा तरुण संघाने सुचवले की सर्वांनी घरी भाकर आणि द्राक्षरस घेऊन पडद्यासमोर बसावे आणि पाळकांनी चर्चमधून आशीर्वाद मागावा. जगभरच्या मंडळ्यांत हाच वाद चालू होता, आणि अनेक स्वतंत्र फेलोशिपांनी, म्हणजे कोणत्याही मोठ्या चर्चशी न जोडलेल्या गटांनी, तसे करायला आरंभही केला होता. पाळकांनी नकार दिला. प्रभुभोजनात घेणे, आशीर्वादणे, मोडणे आणि देणे या चार क्रिया आहेत. शेवटची क्रिया हातातून हातात होते, ती पडद्यातून करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अँग्लिकन परंपरेतल्या आजाऱ्यांविषयीच्या जुन्या तरतुदीचाही त्यांनी आधार घेतला : ज्याला खऱ्या अडचणीमुळे भाकर व प्याला मिळू शकत नाही, पण जो पश्चात्ताप करून ख्रिस्तावर विश्वास ठेवतो, तो आत्म्याने सहभागी होतोच. शहरातले रोमन कॅथोलिक त्या दिवसांत आत्मिक सहभागाची जी प्रार्थना म्हणत होते, तिचा गाभाही यापासून फार दूर नाही.

तरुणांना हे पटले नाही. वाद निवळला तो अनपेक्षित बाजूने. स्कॉटिश मिशनच्या घराण्यातल्या दोन वयोवृद्ध सभासदांनी आठवण करून दिली की त्यांच्या आजोबांच्या काळी प्रभुभोजन वर्षातून मोजक्याच वेळा होई आणि त्याआधी तयारीची वेगळी उपासना असे. त्या पिढीने वाट पाहण्याला उपासमार मानले नव्हते. म्हणजे अँग्लिकन पाळकाची बाजू प्रेस्बिटेरियन घरांनी उचलून धरली, आणि १९७० च्या ऐक्याचा असा उपयोग होईल असे ते घडवणाऱ्यांनाही वाटले नसेल. मंडळीने थांबायचे ठरवले.

निर्णय योग्य होता असे मी मानतो, पण तो अपुरा होता. पाळकांनी काय करू नये हे नीट समजावले. पहिल्या रविवारी त्या रिकाम्या जागी काय करावे, हे सांगितले नाही. ती उणीव महिला संघानेच भरून काढली. पहिल्या रविवारी दुपारच्या जेवणापूर्वी घरातल्या सर्वांनी शेवटल्या भोजनाचा शास्त्रभाग वाचायचा आणि वहीतले एक घर निवडून त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची, असा निरोप फोनवरून फिरला. हे प्रभुभोजन आहे असा दावा कोणी केला नाही. परंतु जेवणाच्या ताटासमोर दुसऱ्या घराची आठवण काढण्याची ही सवय ज्या घरांना लागली, त्यांचा मंडळीशी धागा तुटला नाही, असे पुढे दिसले.

पहिले उघडणे

केंद्राने ८ जून २०२० पासून प्रार्थनास्थळांना परवानगी दिली, महाराष्ट्राने मात्र ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी दिली. केंद्राच्या ४ जूनच्या नियमावलीत पासष्ट वर्षांवरील माणसे व दहा वर्षांखालील मुले यांनी घरीच राहावे असा सल्ला होता, तसेच गायकवृंदाने गाऊ नये, हवे तर ध्वनिमुद्रित संगीत लावावे असेही होते. यामागे कारण होते : १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या सरावाला आलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले होते आणि दोघे दगावले होते. तरीही या नियमांनी मंडळीचे जे चित्र झाले ते विचित्र होते. ज्यांना गीते पाठ आहेत ते घरी, ज्यांना शिकवायची ती मुले घरी, आणि मधली पिढी तोंडावर मास्क बांधून स्पीकरवरचे गाणे ऐकत बसलेली. मराठी ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेतला मोठा भाग गाण्यातून आलेला असतो, सिद्धान्त त्याला नंतर कळतात. त्यामुळे गाणे थांबल्यावर उपासना थोडी कमी झाली एवढेच घडले नाही. अनेकांना प्रार्थनेचे शब्दच सुचेनासे झाले, असे घरप्रार्थनेच्या गटांत वारंवार बोलले गेले.

२९ नोव्हेंबर २०२० हा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा पन्नासावा वर्धापनदिन रविवारीच आला, १९७० मध्येही तो रविवारच होता. मोठ्या मेळाव्याचा प्रश्नच नव्हता. या मंडळीने त्या दिवशी दोन वेळा, अंतर राखून, उपासना घेतली आणि जवळजवळ नऊ महिन्यांनंतर प्रभुभोजन झाले. एकच प्याला फिरवण्याऐवजी पाळकांनी भाकरच द्राक्षरसात बुडवून प्रत्येकाच्या तळहातावर ठेवली. उपासनेनंतर साक्षी झाल्या, आणि त्यांत एक सूर पुन्हा पुन्हा आला : देवाने आमच्या घराला धक्का लागू दिला नाही.

त्या साक्षींमागे स्तोत्र ९१ होते. मार्च २०२० पासून हे स्तोत्र, ज्यात मरीपासून राखण्याचे अभिवचन आहे, मोबाइलवरून घरोघर गेले होते. काहींनी ते दारावर चिकटवले होते, आणि अनेक घरांत रात्री जेवणानंतर सर्वांनी मिळून ते म्हणण्याचा नेम पडला होता. पहिल्या लाटेत मंडळीतले मृत्यू फार थोडे होते, त्यामुळे स्तोत्र जणू सिद्ध झाले. त्या वेळी व्यासपीठावरून कोणी तरी म्हणायला हवे होते की मोहाच्या प्रसंगी सैतानाने ख्रिस्तासमोर जे वचन पुढे केले ते नेमके याच स्तोत्रातले आहे. ते म्हटले गेले नाही.

एप्रिल २०२१

मार्चच्या मध्यापासून नागपुरात पुन्हा टाळेबंदी होती. ४ एप्रिलला ईस्टर होता; सकाळी मोजक्या लोकांत उपासना झाली आणि त्याच दिवशी मंत्रिमंडळाने राज्यभर कडक निर्बंध जाहीर केले. त्या महिन्यात नागपुरात दिवसाला सात हजारांहून अधिक रुग्ण सापडत होते. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत खाट मिळत नव्हती, रेमडेसिव्हिरच्या शोधात मुले रात्रभर शहर पालथे घालत होती. फोनवरच्या घरप्रार्थना आता रोज होऊ लागल्या आणि त्यांचा विषय प्राणवायूची पातळी हाच झाला. अमुक भावाची पातळी ब्याऐंशीवर आली, प्रार्थना करा. पंच्याऐंशीवर गेली, उपकारस्तुती करा. आणि मग दुसऱ्या दिवशी निरोपच नाही.

मंडळीतल्या परिचारिकांनी या दिवसांत जे केले ते पाळकांना करता येण्याजोगे नव्हते. वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नव्हता, धर्मगुरूंनाही नव्हता. ड्यूटीवरची एखादी सिस्टर आपल्या मंडळीतला रुग्ण ओळखून त्याच्या कानाशी प्रभूची प्रार्थना म्हणे, किंवा पीपीई किटच्या आत घाम निथळत असताना मोबाइल धरून घरच्यांचा आवाज ऐकवी. शेवटच्या घटकेची पाळकीय सेवा त्या आठवड्यांत अशा बायकांनी केली. त्यांची नोंद चर्चच्या कोणत्याही दप्तरात नाही, वहीत आहे.

दफनाची बाब अधिक बारकाईने पाहिली पाहिजे, कारण प्रकरणाची गाठ तेथेच आहे. कोविडने मृत झालेल्याचे दफन कायद्याने नाकारलेले नव्हते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १५ मार्च २०२० च्या सूचनांत चेहरा पाहण्याची आणि देहाला स्पर्श न करता शास्त्रवाचन करण्याची मुभा होती, आणि वांद्र्यातील दफनाविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळली होती. कबर मिळाली. कबरीभोवतीचे सगळे गेले. एरवी या वस्त्यांत माणूस गेला की देह घरी आणतात, बायका त्याला न्हाऊ घालून रविवारचे कपडे घालतात, अंगणात रात्रभर गीते चालतात, शेजारचा हिंदू, बौद्ध, मुसलमान येऊन बसतो, शवपेटी चर्चमध्ये नेऊन उपासना होते, खांदा देणारे बदलत जातात आणि कबरीशी प्रत्येक जण मूठमाती देतो. शोक तेथे एकट्याचा नसतो. एप्रिल २०२१ मध्ये रुग्णवाहिका थेट दफनभूमीत जाई. किट घातलेले चार कामगार पेटी उतरवीत, पाळक दूर उभे राहून शास्त्रभाग वाचीत, एखादा मुलगा असला तर असे. बाकीचे घर स्वतः विलगीकरणात किंवा दवाखान्यात. अंत्यविधीला वीस माणसांची मुभा होती, पण वीस कोठून येणार? काहींना तर जोडीदार गेल्याचे स्वतः बरे होऊन घरी आल्यावर कळले.

पाळक स्वतः त्याच महिन्यात आजारी पडले आणि सावरायला त्यांना पावसाळा उजाडला. त्यामुळे अनेक शोकग्रस्त घरांत पुढे कित्येक महिने मंडळीतर्फे कोणीच गेले नाही. व्हॉट्सॲप समूहावर सांत्वनाचे संदेश भरभरून आले, त्यांत स्तोत्र ९१ देखील होते. मिशन शाळेतल्या एका निवृत्त शिक्षकाच्या पत्नीने फोनवर एवढेच सांगितले की ते स्तोत्र आपल्या घरीही रोज म्हटले जात होते. वहीत त्या दिवशीच्या नोंदीपुढे दुसरे काही लिहिलेले नाही.

निदान आणि वही

आता सुरुवातीच्या बैठकीकडे येऊ. सवयीचे कारण कमिटीला पटले यात नवल नाही. ते दिसत होते, त्यावर उपाय सोपा होता, आणि त्यात कमिटीकडे कोणतीही उणीव येत नव्हती. दानार्पणही घटले होते, आणि खजिनदारांच्या दृष्टीने रिकामे बाक व रिकामी पिशवी एकच. रेकॉर्डिंग जानेवारी २०२२ मध्ये बंद झाले. त्याच सुमारास ओमायक्रॉनची लाट आली, आणि तिच्या ओसरण्यानंतरही उपस्थिती वाढली नाही. घरी खिळलेले वृद्ध मात्र पुन्हा उपासनेला मुकले.

फेब्रुवारीत महिला संघाच्या सचिवबाईंनी वही कमिटीपुढे ठेवली. कोणती घरे येत नाहीत याची यादी त्यांनी वहीशी ताडून पाहिली होती. न येणाऱ्यांपैकी बहुतेक घरांत २०२१ च्या उन्हाळ्यात मृत्यू झाला होता. उलट, रेकॉर्डिंग सर्वांत नेमाने पाहणारी घरे तीच होती जी दार उघडताच परत आली होती. ज्यांना सवय लागली असे म्हटले जात होते, ते आलेच होते. जे आले नव्हते, त्यांनी रेकॉर्डिंग पाहणेही केव्हाच सोडले होते.

या नोंदीला मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. काही घरे बदलीमुळे किंवा मुलांकडे राहायला गेल्यामुळे दूर झाली होती. काही जण स्वतंत्र फेलोशिपांकडे वळले होते, जेथे फोनवर हात ठेवून बरे होण्याची प्रार्थना रोज होत असे. त्यांतला एक प्रभुभोजनाच्या निर्णयावर नाराज असलेला तरुण होता. मृत्यू झालेली सगळीच घरे दुरावली असेही नाही. ज्या घरांत पहिल्या महिन्याभरात गटातली एखादी बाई दारापर्यंत का होईना, जाऊन आली होती, त्यांतली बरीचशी परत आली होती. एका मंडळीच्या एका वहीवरून सर्वत्र लागू होणारा नियम काढता येणार नाही. परंतु या मंडळीपुरते कारण स्पष्ट होते : ज्यांच्या शोकात मंडळी नव्हती, त्यांना मंडळीच्या उपकारस्तुतीत बसणे शक्य झाले नाही.

यात श्रद्धा गेली असे म्हणता येईल का? कमिटीतल्या काहींनी तसे म्हटले. मला ते उतावळे वाटते. भेटी सुरू झाल्यावर कळले की यांतल्या बहुतेक घरांत शास्त्र वाचले जात होते, जेवणापूर्वीची प्रार्थना थांबलेली नव्हती. थांबले होते ते दुसऱ्यांसमोर बोलणे. रविवारी साक्ष द्यायला उभे राहणारा सांगतो की देवाने मला वाचवले, आणि समोरच्या बाकावर ज्याचा नवरा वाचला नाही ती बसलेली असते. या दोघांना एकत्र बसवण्याची भाषा मंडळीजवळ उरली नव्हती, तेव्हा एक जण उठून गेला.

काय केले गेले

कमिटीने निर्णय फिरवला. रेकॉर्डिंग पुन्हा सुरू झाले. पाळकांनी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, विलापस्तोत्रांवर प्रवचने घेतली, त्यांत स्तोत्र ८८ होते, जे अंधारातच संपते आणि शेवटी स्तुतीकडे वळत नाही. हे ऐकून काहींनी तक्रार केली की ईस्टरच्या तोंडावर एवढे निराशेचे बोलणे बरे नव्हे. त्याच आठवड्यात दोन न येणाऱ्या घरांतून पाळकांना फोन आले. ती प्रवचने त्यांनी मोबाइलवर ऐकली होती. रेकॉर्डिंग बंदच राहिले असते तर ते फोन आले नसते, हे कमिटीला सांगावे लागले नाही.

भेटींचे काम पाळक, एक पुरुष सभासद आणि महिला संघातली एक जण अशा तिघांनी एकत्र जाण्याचे ठरले. पहिल्या भेटीत चर्चला या असे म्हणायचे नाही, अशी अट सचिवबाईंनी घातली आणि ती पाळली गेली. गेलेल्याचे नाव घ्यायचे, त्याचा आवडता शास्त्रभाग विचारायचा, त्याला आवडणारे गीत घरच्यांनी सांगितले तर गायचे. अनेक घरांत हे गीत गाताना मृत्यूनंतर प्रथमच मोठ्याने रडणे झाले, असे वहीत नोंदलेले आहे.

एप्रिल २०२२ च्या आरंभी राज्यातले निर्बंध उठले. १७ एप्रिलला ईस्टर होता. पहाटेची उपासना त्या वर्षी चर्चच्या पटांगणाऐवजी दफनभूमीत घेतली गेली. २०२१ मध्ये गेलेल्यांची नावे वाचली गेली, आणि प्रत्येक नावानंतर त्या घरच्या माणसांनी, व मागोमाग मंडळीने, कबरीवर मूठमाती दिली. वर्षभर जुन्या कबरीला मूठमाती देणे कोणत्याही उपासनाविधीत लिहिलेले नाही, आणि पाळकांना त्याबद्दल वरिष्ठांकडून विचारणा होईल अशी धास्ती होती. ती झाली नाही. त्यानंतरच्या महिन्यांत दुरावलेल्या घरांपैकी बरीच घरे रविवारी दिसू लागली, सगळी नाहीत. स्वतंत्र फेलोशिपकडे गेलेल्या एका कुटुंबाने सभासदत्वाचा दाखला मागितला आणि कमिटीने तो शुभेच्छांसह दिला.

काही प्रश्न तसेच आहेत. एकच प्याला पुन्हा फिरवायचा की लहान प्याले ठेवायचे यावर मंडळीत दोन तट आहेत आणि तूर्त भाकर बुडवून देणेच चालू आहे. रविवारच्या शाळेतली जी मुले २०२० मध्ये आठ-नऊ वर्षांची होती, त्यांची गीते शिकण्याची दोन वर्षे हुकली. त्यांच्यासाठी वेगळा गायनवर्ग काढला, पण दहावीच्या शिकवणीपुढे तो टिकत नाही. वही आता तिसऱ्या भागात गेली आहे. कमिटीच्या मासिक बैठकीत ती खजिनदारांच्या हिशेबाआधी वाचली जाते, आणि ती वाचणाऱ्या सचिवबाईंना कमिटीवर मतदानाचा हक्क असलेली जागा द्यावी असा ठराव अजून निर्णयासाठी पडून आहे.